कन्सोलची किंमत छापता, तसे गेमचे वेळापत्रकही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवा गेमिंग कन्सोल (व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र) बाजारात येतो तेव्हा वृत्तपत्रांतून त्याची किंमत, प्रोसेसरचा वेग आणि साठवणक्षमता यांची माहिती ठळकपणे येते. परंतु पहिल्या वर्षभरात त्यावर कोणते गेम येणार, ते कोण तयार करत आहे आणि बाहेरच्या किती कंपन्यांनी त्यासाठी काम सुरू केले आहे, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. वास्तविक, पंधरा-वीस हजारांपासून अर्ध्या लाखापर्यंत रक्कम मोजणाऱ्या ग्राहकाने आधी पाहावे ते हेच.

निन्टेंडो या जपानी कंपनीचेच लागोपाठचे दोन कन्सोल पाहा. ‘वी यू’ नोव्हेंबर 2012 मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. सोबत मारिओचा नवा गेम होता, पण त्यानंतरचे महिने जवळजवळ कोरडे गेले आणि जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे नवे गेम नाहीत, अशी कबुली कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांना द्यावी लागली. युबिसॉफ्ट या बाहेरच्या गेम-कंपनीचा ‘रेमन लेजंड्स’ हा गेम खास याच यंत्रासाठी फेब्रुवारी 2013 मध्ये यायचा होता. तो इतर कन्सोलवरही एकाच वेळी आणता यावा म्हणून सप्टेंबरपर्यंत लांबवण्यात आला. एवढ्या मोठ्या कंपनीने असा निर्णय घेतल्यावर लहान डेव्हलपर (गेम तयार करणारे) कशाला धोका पत्करतील? ग्राहक कमी म्हणून गेम येईनात आणि गेम नाहीत म्हणून ग्राहक फिरकेनात, या पेचातून वी यू शेवटपर्यंत सुटला नाही. जगभरात त्याची विक्री 1 कोटी 35 लाखांच्या आसपास थांबली.

त्याच कंपनीचा ‘स्विच’ 3 मार्च 2017 रोजी आला, तो झेल्डा मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ बरोबर घेऊनच. अमेरिकेत त्या पहिल्या महिन्यात सुमारे 9 लाख 6 हजार कन्सोल विकले गेले आणि स्विचसाठीच्या या गेमच्या प्रती मात्र 9 लाख 25 हजारांच्या घरात गेल्या, म्हणजे यंत्रांपेक्षाही जास्त! पुढे एप्रिलअखेर ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’, जुलैत ‘स्प्लॅटून 2’ आणि ऑक्टोबरात ‘सुपर मारिओ ऑडिसी’ अशी रांग लागली. यातील ‘मारिओ कार्ट 8’ हा मुळात वी यूचाच गेम. तिथे तो यंत्र आल्यानंतर तब्बल दीड वर्षाने, मे 2014 मध्ये आला होता आणि त्याच्या सुमारे 84 लाख प्रती खपल्या. थोडी भर घातलेली त्याचीच आवृत्ती स्विचवर दोन महिन्यांच्या आत आली आणि आजवर 6 कोटींहून अधिक खपली आहे. घरी टीव्हीवर आणि प्रवासात हातात, असे दोन्हीकडे खेळता येण्याची सोय हेही स्विचच्या यशाचे मोठे कारण आहे, हे मान्यच आहे. पण त्या सोयीचा उपयोग करावासा वाटेल असा गेम पहिल्या दिवशी दुकानात होता, हे विसरून चालणार नाही.

डेव्हलपरना विश्वासात न घेतल्यास काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचा ‘सॅटर्न’. सप्टेंबर 1995 मध्ये येणारा हा कन्सोल आजपासूनच निवडक दुकानांत मिळेल, अशी घोषणा सेगाने 11 मे रोजी लॉस एंजेलिसच्या ‘ई-थ्री’ प्रदर्शनात अचानक केली; किंमत 399 डॉलर. बाहेरच्या कंपन्या सप्टेंबर धरून काम करत होत्या, त्यामुळे सुरुवातीला सेगाच्या स्वतःच्या मोजक्या गेमवर भागवावे लागले आणि वगळलेले दुकानदार दुखावले ते वेगळेच. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘प्लेस्टेशन’ या आपल्या कन्सोलची डॉलरमधील किंमत म्हणून ‘299’ एवढेच म्हणाले आणि परत जागेवर जाऊन बसले. हा किस्सा नेहमी किमतीचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते निर्णायक गोष्ट निराळी होती: सॅटर्नमधील दोन प्रोसेसर एकत्र राबवणे प्रोग्रॅमरना जड जात होते, तर प्लेस्टेशनसाठी सोनीने तयार लायब्ररी (आयते प्रोग्रॅमसंच) आणि सोयीची साधने हाती दिली होती. पुढे ‘प्लेस्टेशन 3’ च्या क्लिष्ट ‘सेल’ प्रोसेसरने खुद्द सोनीलाच अडचणीत आणले. मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी ‘प्लेस्टेशन 4’ ची रचना डेव्हलपरशी बोलून, त्यांच्या परिचयाच्या प्रोसेसरभोवती केली, ती त्यानंतरच.

नुसती पहिल्या दिवसाची यादीही पुरत नाही. सेगाचा ‘ड्रीमकास्ट’ 1999 मध्ये अमेरिकेत चांगल्या दीड डझन गेमसह आला. पण खेळांवरील गेममध्ये दबदबा असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्याच्याकडे पाठ फिरवली, त्यातच ‘प्लेस्टेशन 2’ आला आणि 2001 मध्ये सेगाला कन्सोलचा व्यवसायच गुंडाळावा लागला.

हा विषय परदेशापुरता नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला गेम ऑगस्ट 2020 मध्ये कन्सोलपैकी सर्वप्रथम स्विचवर आला आणि इतर कन्सोलवर त्याच वर्षी ऑक्टोबरात. अनरियलसारखे सर्वपरिचित इंजिन (गेम उभारण्याचे तयार सॉफ्टवेअर) स्विचवर चालते, म्हणूनच अशा छोट्या चमूला ते शक्य झाले. सोनीनेही 2023 मध्ये ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ जाहीर करून भारतीय डेव्हलपरना आर्थिक व तांत्रिक मदत देऊ केली.

आपल्याला विनंती अशी की, यापुढे नव्या कन्सोलची बातमी देताना पहिल्या सहा महिन्यांत येणाऱ्या गेमची, तारीख नक्की झालेली नावे सोबत चौकटीत द्यावीत. ‘लवकरच येत आहे’ एवढ्यावर जाहीर झालेले गेम त्यात धरू नयेत. तसेच कंपनीच्या प्रतिनिधीची मुलाखत घेताना पुण्या-मुंबईच्या छोट्या स्टुडिओंना डेव्हलपमेंट किट (गेम तयार करून तपासण्यासाठी कंपनी देते ते खास यंत्र) कोणत्या अटींवर आणि किती दिवसांत मिळते, हे आपल्या वार्ताहराने जरूर विचारावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे