हळद लागल्यासारखी

लीड्स, इंग्लंड, 6 डिसेंबर

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. थंडी मरणाची आहे, पण तू विणलेला मफलर पुरतोय.

काल ऑफिसातून येताना मुद्दाम क्रॉसगेट्सला उतरले. इथल्या बार्नबोला पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचा कारखाना होता. पुरुष आघाडीवर, म्हणून तोफगोळे भरायला बहुतेक सगळ्या बायकाच. त्यांच्याबद्दल वाचताना मला सारखा तुझा खडकीचा दारूगोळा कारखाना आठवत होता. केसांत पिन नको, अंगावर धातू नको, रबरी तळाचे बूट. डेंजर बिल्डिंगच्या ड्यूटीला तू बांगड्या उतरवून निघायचीस आणि आजी दारात कुरकुरत उभी राहायची, तसंच. गोळ्यांतल्या टीएनटी या स्फोटकाने मुलींची कातडी पिवळी पडायची. लोक त्यांना कॅनरी पक्षी म्हणत. आजी म्हणाली असती, पोरीला हळद लागलीय. कारखान्याने त्यांच्या दुधासाठी स्वतःचा गोठासुद्धा ठेवला होता.

5 डिसेंबर 1916 ला रात्री दहानंतर, पाळी नुकतीच बदललेली असताना, 42 नंबरच्या खोलीत स्फोट झाला. 35 बायका गेल्या. काहींची ओळख गळ्यातल्या बिल्ल्यावरून पटवावी लागली. युद्धामुळे स्फोटाची बातमी दाबली गेली. काम मात्र थोड्याच वेळात सुरू झालं, आणि त्याच खोलीत जायला मुली आपणहून पुढे आल्या. याला हिंमत म्हणायचं की पगाराची निकड, मला कळेना. तुला विचारावंसं वाटलं.

माझी समजूत होती की 1918 ला मताचा हक्क मिळाला तो याच मुलींना, बक्षीस म्हणून. कसलं काय! मत मिळालं तिशी गाठलेल्यांना, त्यातही घर-मालमत्तेची अट. गोळे भरणाऱ्या कितीतरी जणी विशीतल्या. पुरुषांच्या बरोबरीने, एकविसाव्या वर्षी मत, हे 1928 ला आलं. तोवर त्या तशाही तिशीपार गेलेल्या. बायकांची चळवळ त्याआधी पन्नास वर्षं चाललेली होती, युद्धाने सरकारची सबब तेवढी काढून घेतली. नोकऱ्यांचं विचारूच नकोस. 1919 मध्ये कायदा करून युद्धाआधीची कामाची पद्धत परत आणली, म्हणजे बायकांनी घरी जावं.

त्याच साली आपल्या मुंबईच्या हेराबाई टाटा लेकीला, मिठनला, घेऊन लंडनला आल्या होत्या, हिंदुस्थानातल्या बायकांना मत मागायला. मुंबई प्रांतात ते 1921 ला मिळालं, मालमत्तेच्या अटीसकट. अट काही सुटेना!

क्रॉसगेट्सला त्या 35 जणींच्या स्मारकावरची नावं वाचून होईपर्यंत अंधार पडला, पुढची गाडी चुकली. बाबांना सांगू नकोस.

आणि एक लिहून कळव. बांगड्यांचं आठवतं, पण मंगळसूत्र तू कुठे ठेवायचीस?

तुझी,
मनू