हे पिवळं काय आहे?

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही चिपळूणला नीट पोचलात हे फोनवर कळलं. पण मला बोलायचं होतं ते फोनवर जमेना, म्हणून पत्र लिहितेय.

आई, त्या गुरुवारी चिनूला भरवताना मी तुझ्या हातातला मोबाइल काढून घेतला. ‘तिला नको त्या सवयी लावू नकोस,’ असं सगळ्यांसमोर बोलले. तू वाटी उचलून गुपचूप आत गेलीस. ते डोळ्यांसमोरून हलत नाही. ही सवय तू नाही, मी लावली. ती सव्वा वर्षाची होती, मी घरून काम करायचे आणि तिचं जेवण नेमकं दुपारच्या मीटिंगच्या वेळी यायचं. मोबाइल समोर धरला की तोंड उघडायची, दहा मिनिटांत वाटी रिकामी. तू माझंच बघून केलंस आणि बोलणी तुला बसली. माझं चुकलं, आई.

‘पोर वाळलंय’ हे तुझं म्हणणंही मी उडवून लावायला नको होतं. परवा डॉक्टरांना विचारलं. जन्मतः ती २.८ किलो होती, पहिल्या वाढदिवसाला साडेआठ, म्हणजे तिप्पट. त्यानंतरच्या दीड वर्षात साडेतीनच किलो वाढली. डॉक्टर म्हणाले, असंच असतं. पहिल्या वर्षानंतर मुलं वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतात, वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. वाढीच्या तक्त्यावरची तिची रेघ अगदी नीट वर चाललीय. आपण कोंबत होतो तेवढं तिला लागतच नव्हतं.

मोबाइलचंही विचारलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते पाच या वयात दिवसाला फार तर एक तास. दोन वर्षांखालच्यांना सूट एकच, घरच्या माणसांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं! आपला रात्री आठचा कॉल चालूच राहणार.

सोमवारपासून जेवताना मोबाइल बंद केलाय. पहिल्या दिवशी ती रडून रडून लाल झाली, चार घास खाल्ले आणि उठली. मला घाम फुटला होता, पण मागे धावले नाही. बुधवारी तिला खाली बसवलं, तुझी ती छोटी कडेची ताटली दिली, मऊभात वाढला, वर तूप-मेतकूट. तिने बोट बुडवलं, बोटाकडे बघत राहिली आणि विचारलं, ‘हे पिवळं काय आहे?’ आई, वर्षभर ती तुझं मेतकूट खातेय. एकदाही तिने ते बघितलं नव्हतं. मला रडूच आलं. मग दोघींनी बोटं चाटली. भात निम्मा सांडला, निम्मा पोटात गेला.

बाबा, शाळेचं अजून ठरलेलं नाही. तुमचं मराठी माध्यमाचं म्हणणं मला पटतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्यतो पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असंच आहे. पण आमच्या भागात चांगली मराठी शाळा लांब आहे आणि एवढ्याशा मुलीला रोज पाऊण तास बसमध्ये बसवायला माझा जीव होत नाही. ह्यांचं मत इंग्रजीकडे झुकतं. यावर आम्ही रोज बोलतो, कधी आवाजही चढतात. तुम्ही इतकी वर्षं पहिलीचा वर्ग शिकवलात. पुढच्या वेळी आलात की माझ्याबरोबर दोन्ही शाळा बघायला चला. वर्गात काय बघायचं ते तुम्हाला कळेल.

आणि आई, लवकर ये. भरवायला नाही, तिच्याशेजारी बसून जेवायला. येताना मेतकूट आण, डबीत चमचाभरच उरलंय.

तुमची,
माई