होडी उलटली तेव्हा धावून आलेल्या तिघांचे आभार

गेल्या रविवारी तलावात आमची शिडाची छोटी होडी वाऱ्याच्या झोताने कलंडली आणि मी व माझी बारा वर्षांची मुलगी पाण्यात पडलो. मोटरबोटीतून मदतीला आलेल्या आपणा तिघांची नावे विचारण्याचेही भान मला राहिले नाही, म्हणून हे जाहीर आभार.

काठ जवळ भासत होता आणि मी पोहत निघण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात "होडी सोडू नका, तिलाच धरून राहा" असे आपण लांबूनच ओरडून सांगितलेत. उलटलेली होडी बहुधा तरंगत राहते व दुरून दिसते, उलट पाण्यावरचे अंतर डोळ्यांना फसवते आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी आठवले नव्हते.

आपण सावकाश जवळ आलात, फिरत्या पंख्याची इजा होऊ नये म्हणून आधी इंजिन बंद केलेत आणि मगच मुलीच्या लाइफ जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे दोन्ही हातांनी धरून तिला अलगद वर घेतलेत. तिचे ओठ थरथरत होते. आपल्यापैकी एका ताईंनी अंगातला कोट काढून तिला गुंडाळला. शिडाचे दोर मोकळे करून आमची होडी सरळ करण्यासही आपणच हातभार लावलात.

तो कोट धुऊन ठेवला आहे. आपण पुन्हा तलावावर याल, तेव्हा मुलीला तो स्वतःच्या हातांनी परत करायचा आहे.