इन्चार्ज सिस्टर, त्या कोऱ्या रकान्याबद्दल आभार

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

रिटायर झालात त्या दिवशी तुम्ही सत्कार घेतलाच नाही. शाल-श्रीफळ टेबलावर तसंच राहिलं आणि तुम्ही चारची एसटी पकडून गेलात. समोर उभं राहून आभार मानायला लागले असते तर "कामाचं बोल" म्हणून गप्प केलं असतं. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे. आता थांबवून दाखवा.

जून २०१७ मध्ये जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून मी आपल्या तालुक्याच्या हॉस्पिटलात आले, तेव्हा केअर प्लॅन, म्हणजे पेशंटचा त्रास आणि त्यावर आपण काय करायचं याचा कागद, लिहिण्यात माझी बरोबरी करणारं कोणी नव्हतं. ऑपरेशनचा पेशंट म्हटला की वेदना, संसर्गाचा धोका आणि चिंता, या तीन गोष्टी त्याच क्रमाने, सुंदर अक्षरात. पेशंट बदलायचा, प्लॅन तोच.

मग ते हर्नियाचे आबाजी आले. दुपारी एकला ऑपरेशन, कमरेत इंजेक्शन देऊन केलेलं. रात्री साडेनऊला ते पलंगावर नुसते तळमळत होते. चादर फेकायचे, सलाईनचा हात ओढायचे. खाटेभोवती सातआठ नातेवाईक, त्यात दोन सुना. "सिस्टर, झोपेचं इंजेक्शन द्या नं, बुढ्याले लयच तरास होऊन रायला." मलाही ते पटलं. डॉक्टरांना फोन करून झोपेच्या औषधाची ऑर्डर मागायची म्हणून रिसीव्हर उचललासुद्धा.

तुम्ही मागून आलात. "त्याले का होऊन रायलं ते पायलं का वं? का नुसतं लिहून रायली?"

आधी तुम्ही बोटाला ऑक्सिमीटर लावला. मग बीपी, नाडी. टॉर्च मारून ड्रेसिंग पाहिलं, पाठीखाली हात घालून कुठे रक्त झिरपून जमलंय का तेही पाहिलं. बेचैन पेशंटला ऑक्सिजन कमी पडत असेल किंवा आत रक्तस्राव होत असेल तर झोपेचं औषध देऊन आपण ती खूणच झाकून टाकतो, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. हे सगळं ठीक निघाल्यावर तुम्ही बेंबीच्या खाली हात ठेवला आणि माझाही हात धरून तिथे ठेवलात. टणक, गोल, कलिंगडासारखं. आबाजी कळवळले. तुम्ही चार्ट माझ्यासमोर धरलात. दोन सलाईन आत गेल्याची नोंद होती, आउटपुटचा रकाना कोरा होता. साडेआठ तास लघवी नाही, आणि मी 'चिंता' लिहून मोकळी झाले होते.

मला वाटलं, आता कॅथेटर. तुम्ही म्हणालात, त्याला ऑर्डर लागते, आणि नळी घातली की संसर्गाची वाट उघडते. जे आपल्या हातात आहे ते आधी करू. आबाजींना पाय उचलायला लावले, बोटं हलवायला लावली. आधी खाटेवर पाय सोडून बसवलं, बीपी पुन्हा बघितलं, चक्कर नाही याची खात्री केली. सुनांना बाहेर काढलं, पडदा ओढला. मुलाच्या खांद्याला धरून त्यांना उभं केलं, हातात भांडं दिलं आणि कोपऱ्यातला नळ सोडला. आयुष्यभर शेताच्या धुऱ्यावर उभा राहून लघवी करणारा माणूस, सुनांसमोर आडवा पडून कशी करेल? आठ मिनिटं लागली. ६५० मिली. तुम्ही पुन्हा पोटावर हात ठेवून पाहिलात, मऊ होतं. आबाजी न सांगता झोपी गेले. नाहीच झाली असती तर डॉक्टरांना फोन करून कॅथेटर घातलाच असता, तो ट्रे तुम्ही आधीच मांडून ठेवला होता.

'हर्निया' हे डॉक्टरांचं निदान. 'लघवी तुंबली' हे आपलं. त्या रात्रीपर्यंत मला हा फरक फक्त परीक्षेपुरता माहीत होता.

त्याच वर्षीचा फवारणीचा हंगाम तुम्हीही विसरला नसाल. कीटकनाशकाच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्याकडे तो तेविसेक वर्षांचा पोरगा आणला होता, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगातला शर्ट औषधाने ओला. मी शीर शोधत बसले. तुम्ही आधी त्याला कुशीवर केलं, सक्शन लावलं आणि ओरडलात, "शर्ट काप! ते अंगावर हाय तवर विष आत जाऊनच रायलं." आणि लगेच, "पहिले ग्लोव्हज घाल, तुले बी नाई का लागत?" शीर दुसऱ्या सिस्टरने धरली. आपण साबणाच्या पाण्याने केस, कानामागे, नखांत, सगळीकडे धुतलं. कपडे पिशवीत बांधले, ते हातात घेऊन उभ्या असलेल्या भावालाही हात धुवायला पाठवलं.

ॲट्रोपीन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, डॉक्टरांच्या ऑर्डरने चालू होतं, दर पाच मिनिटांनी डोस वाढवत. मी आपली बाहुल्यांकडे पाहत बसलेली. तुम्ही स्टेथोस्कोप माझ्या कानात घातलात. छातीतली खरखर थांबली का, नाडी ८० च्या वर गेली का, बीपी धरलंय का, ते बघायचं. बाहुल्या मागाहून येतात. आणि पेशंट तापला, बडबडायला लागला, चादर चिवडायला लागला, तर ॲट्रोपीन जास्त झालं समजून डॉक्टरांना सांगायचं. यवतमाळला पाठवताना रेफर चिठ्ठीवर प्रत्येक डोसची वेळ होती, तुमच्या हातची. माझं सुंदर अक्षर त्या दिवशी कोणाला नको होतं.

चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेल्या त्या आजीचा ऑक्सिजन मी ९५ टक्क्यांवर नेऊन खूश झाले होते, तुम्ही गुपचूप कमी करून ८८ ते ९२ मध्ये आणून ठेवला होता, कारण अशा फुप्फुसांना जास्त ऑक्सिजन उलट बाधतो. आणि तो सिकलसेलचा, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन शिरांत अडकतात त्या आजाराचा मुलगा, ज्याला सगळे 'नाटकी' म्हणायचे? त्याच्या गुडघ्यांना मी बर्फ लावायला निघाले होते. तुम्ही बर्फ परत पाठवला, घोंगडी मागवली, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि वेदनेचं औषध वेळेवर मिळतंय का यासाठी डॉक्टरांच्या मागे लागलात. थंडीने शिरा आकसतात, तिथेच पेशी जास्त अडकतात, हे मीही शिकले होते. पण शिकलेलं हातापर्यंत यायला वेळ लागतो.

तुमचा राग मात्र एका बाबतीत अन्यायाचा होता. रात्री एका सिस्टरवर चाळीस पेशंट असले की प्रत्येकाच्या पोटावर हात ठेवणं होत नाही. तुम्हालाही ते माहीत होतं, तरी बोलायचात. अजून थोडं लागतं मनाला.

परवा नवीन विद्यार्थिनी आली. तिच्या केअर प्लॅनवर वेदना, संसर्गाचा धोका, चिंता. मी काही बोलले नाही, तिला घेऊन खाटेपाशी गेले. पित्ताशयाच्या ऑपरेशनची बाई होती, टाके दुखतात म्हणून खोकत नव्हती, श्वास वरवर घेत होती. उशी पोटाशी दाबून खोकायला लावलं, डोकं उंच केलं, दुखण्याचं औषध चालण्याआधी अर्धा तास द्यायचं ठरलं. अर्ध्या तासाने ती पोरगी खुर्चीत मोबाइल घेऊन बसलेली दिसली आणि माझ्याच तोंडून निघालं, "करून आली नं? मंग आता जाऊन पाय, झालं का नाई ते."

तान्ह्या पोळ्याला सुट्टी मिळाली तर येते घरी. पुरणपोळी कराच, पण जेवणाआधी आणि दोन तासांनी बोट टोचून घ्यावं लागेल. ग्लुकोमीटर मी आणते. तुम्ही तपासायला येऊ देत नाही म्हणून मुलगा तक्रार करत होता.

तुमची,
वॉर्डातली सिस्टर