पिंकी घरी येतेय, नळीसकट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दादा-वहिनी पिंकीला घेऊन सोमवारी यावलला पोचतील. स्वादुपिंडातली गाठ पूर्ण निघाली आहे. स्वादुपिंडाची शेपटी, म्हणजे डावीकडचं टोक, आणि प्लीहाही (रक्तातले जंतू गाळणारी पानथरी) काढावी लागली. आत साचणारा रस बाहेर काढणारी ड्रेनची नळी पोटात ठेवूनच सोडतायत, म्हणून कुणी ‘ऑपरेशन बिघडलं’ म्हणालं तर मनावर घेऊ नका.

जुन्या सुजेनं स्वादुपिंड घट्ट झालेलं असलं की टाका धरतो. सतरा वर्षांच्या पोरीचं निरोगी स्वादुपिंड लोण्यासारखं मऊ आणि आतली वाहिनी बारीक, त्यामुळे कापलेल्या टोकातून रस झिरपतो. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनच्या पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम) रक्ताच्या नॉर्मल मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं, की गळती धरतात. त्रास काही नसेल तर २०१६ पासून त्याला फिस्टुला, म्हणजे रस गळायची वाट, म्हणतही नाहीत. नळी तीन आठवड्यांपुढे ठेवावी लागली तर म्हणतात. बहुतेक गळत्या आपोआप आटतात.

बाबा, नळीच्या पिशवीचं काम तुमच्याकडे. रोज सकाळी एकाच वेळी, हात साबणानं धुऊन, खुणांच्या मापात ओता. किती मिली आणि कसा रंग, वहीत लिहा. पिशवी कमरेखाली राहू दे, नळी कपड्याला पिनेनं अडकवा. आकड्यापेक्षा रंग बघा. पिवळसर, पातळ पाणी चालेल. राखाडी, मातकट किंवा दुधाळ दिसलं तर फोन करा. रोज येणारं पाणी एकदम थांबलं आणि पोट दुखू लागलं किंवा ताप आला, तर बरं झालं असं समजू नका. नळी तुंबून रस आत साचत असेल.

लाल रक्त दिसलं, चमचाभर का होईना, तर फोनही नंतर. आधी गाडी काढा. गळलेला रस रक्तवाहिनीची भिंत खातो, तिथे फुगा येतो आणि मोठ्या रक्तस्रावाआधी कधीकधी असाच थोडा इशारा देतो. सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचं स्कॅन) आणि कॉइल (रक्तवाहिनी आतून बंद करणारी तार) बसवायची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलातच न्या. जवळचा दवाखाना गाठण्यात वेळ घालवू नका.

आई, नळीभोवतीची कातडी त्या रसानं सोलवटते. आपल्याकडच्या उन्हात पट्टी घामानं सुटणारच. ओली झाली की लगेच बदल आणि झिंक ऑक्साइडचं मलम लाव. हळद नको. जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा: मुगाचं वरण, मऊ खिचडी, भाकरी. शेवभाजीची तर्री आणि तुपात बुडवलेली बट्टी सध्या बंद. केळं एखादं चालेल, घड पुढ्यात ठेवू नकोस. इन्सुलिन करणाऱ्या पेशी शेपटीकडे जास्त दाट असतात, त्यामुळे मधुमेह काही वर्षांनीही डोकावू शकतो. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ठरल्याप्रमाणे करायचंच. शौच चिकट, तेलकट, तरंगणारं होऊ लागलं तर सांग. एन्झाइमच्या कॅप्सूल लागतील. त्या जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्यायच्या, चावायच्या नाहीत.

प्लीहा नसल्यानं ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री दाखवायचं. जंतू रक्तात काही तासांत पसरतात. हे आयुष्यभराचं आहे, नळी निघाली तरी. मच्छरदाणी रोज हवी, मलेरियाही तिला जड जाईल. कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी, रेबीजच्या इंजेक्शनबरोबर अँटिबायोटिकही लागेल. प्लीहा नाही हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसींचा कागद वहिनीकडे आहे. त्याची झेरॉक्स पिंकीच्या पर्समध्ये राहू द्या.

तुमची,
सुनू