उमेओच्या काकूंना, लोंगफिलच्या विरजणाबद्दल

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता आणि चहाचं आधण ठेवता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. स्वीडनच्या उत्तरेकडे नव्याने येणाऱ्या मराठी घरांतून आता मलाच विचारणा होते, की फिल, म्हणजे इथलं दह्यासारखं आंबवलेलं दूध, घरी कशी लावायची, विरजण कुठून आणायचं. माझ्या हाताला जे काही वळण आहे ते कुणी लावलं, हे त्यांनाही कळायला हवं.

मी तुम्हाला फोन केला होता तो नुसतं विचारायला. लेकीला बालवाडीत सकाळी फिल मिळते, घरीही तीच हवी म्हणून हट्ट करते, तर घरी जमेल का? पुढचं सांगण्याऐवजी तुम्ही संध्याकाळी भर बर्फातून बरणी घेऊन दारात उभ्या राहिलात. साधी फिलसुद्धा नव्हे, तुमच्या सासूबाईंच्या गावाकडची लोंगफिल, म्हणजे तार सुटणारी फिल. चमचा बुडवून तुम्ही वर उचललात, तर चमच्यापासून बरणीपर्यंत चकचकीत, सलग तार. ती तुटेचना. चमचा गर्रकन फिरवून ती कशी तोडायची हेही तुम्हीच दाखवलंत. आपल्याकडे दह्याला तार सुटली की ते बिघडलं, टाकून द्यायचं, हे लहानपणापासून हाडीमाशी भिनलेलं. माझा चेहरा बघून तुम्ही म्हणालात, "हिची तार गेली तरच ती बिघडली." काकू, त्या एका वाक्याने माझी सगळी भीड चेपली. अनोळखी पदार्थ आपल्या माणसाच्या तोंडून कळला की तो परका राहत नाही.

तुम्ही नुसती कृती सांगून थांबला नाहीत, कारणंही सांगितलीत. त्याचं मोल मला रोज जाणवतं. योगर्टच्या जिवाणूंना ४० ते ४५ अंशांची ऊब लागते. फिलचे जिवाणू थंड प्रकृतीचे. लॅक्टोकॉकस आणि ल्युकोनॉस्टॉक ही मंडळी २० ते २२ अंशांवर निवांत काम करतात. लॅक्टोकॉकस दुधातल्या साखरेचं आम्ल करतो, त्याने दूध धरतं. ल्युकोनॉस्टॉकचा वेग कमी, पण लोण्याचा तो मंद वास येतो तो दुधातल्या सायट्रेटपासून बनणाऱ्या डायअॅसिटिलमुळे, आणि त्यात त्याचा मोठा वाटा. ऊब वाढवली की आंबटपणा पुढे पळतो आणि वास मागे राहतो. लोंगफिलमधले काही लॅक्टोकॉकस तर साखरेच्या लांबच लांब साखळ्या बाहेर सोडतात. तीच ती तार. त्या साखळ्या पाणी धरून ठेवतात, म्हणून लोंगफिलवर पाणी सुटत नाही. आणि हा गुण नाजूक आहे. सतत उबेत वाढवलं तर जिवाणू जगतात, पण तार सोडायचं विसरतात.

इथली घरं हिवाळाभर जेमतेम एकवीस अंशांवर ठेवलेली. दही लावायचं तर पातेलं गोधडीत गुंडाळा, ओव्हनचा दिवा लावून आत ठेवा, असे नाना उपाय आम्ही सगळे करतो. फिलला यातलं काही लागत नाही. ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं की झालं. या हवेत, या घरांत शतकानुशतकं जे दूध आपसूक लागत आलं, ते लावायला तुम्ही मला शिकवलंत. माझी इथल्या थंडीशी गट्टी जमली ती तिथून.

आता जे विचारतात त्यांच्यासाठी तुमची कृती तुमच्याच शब्दांत इथे देते. रागावू नका. "एक लिटर दूध घे, ३ टक्के स्निग्धांशाचं, मिळालं तर त्याहून दाट. ८५ ते ९० अंशांपर्यंत तापव आणि थोडा वेळ तसंच राहू दे, तळाला लागू देऊ नकोस. दूध नीट तापलं की त्याच्या निवळीतली प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि फिल दाट होते. मग पातेलं सिंकमध्ये गार पाण्यात ठेव. २२ अंशांवर आलं का ते थर्मामीटरने बघ, बोट बुडवून नको, बोटाला कोमट लागलं म्हणजे दूध अजून गरम आहे. दोन मोठे चमचे लोंगफिल आधी वाटीभर दुधात मोडून घे, मग सगळ्यात मिसळ. वाट्यांत ओत, झाक आणि त्यानंतर हात लावू नकोस. अठरा ते चोवीस तास. वाटी कलती केल्यावर फिल एकसंध सरकली की लागली. मग फ्रीज."

आणि सगळ्यात आधी पुढच्या वेळचं विरजण काढून ठेवायचं, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरणीत, कुणाचाही उष्टा चमचा लागायच्या आत. आठवड्याच्या आत ते पुन्हा दुधाला लावायचं. हा नियम तुम्ही मला इतक्या गंभीरपणे सांगितलात की घरात आजही आधी विरजण, मग नाश्ता.

तेतउर्टची हकिकतही तुमचीच देणगी. पाणथळ जागी उगवणारी, चिकट पानांवर किडे धरणारी ती जांभळ्या फुलाची वनस्पती तुम्ही मला उन्हाळ्यात दाखवलीत, बूट चिखलात रुतवून. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेअस १७३२ साली उत्तरेकडच्या लॅपलँडच्या प्रवासाला निघाला तेव्हा आपल्या उमेओवरूनच पुढे गेला. १७३७ च्या 'फ्लोरा लॅपोनिका' या ग्रंथात त्याने लिहून ठेवलंय, की इथली माणसं गाळणीवर या झाडाची ताजी पानं पसरतात, वरून धारोष्ण दूध गाळतात आणि एकदोन दिवसांत ते दाट, एकजीव होतं. पुढे त्यातलंच चमचाभर दुसऱ्या दुधाला पुरतं. आज तार धरण्याचं श्रेय पानांना नव्हे, जिवाणूंना दिलं जातं. पण चमचाभर विरजणातून दूध पुढे चालू ठेवायची पद्धत तीच, जी तुम्ही मला दिलीत. मला हे फार मोठं वाटतं. नोंद कागदावर राहिली, पण विरजण राहिलं ते कुणी ना कुणी आठवड्याला दूध तापवत राहिलं म्हणून.

आणि फिलबुंके! न मोडता, ज्या वाटीत लावली तीतच खायची. होमोजिनाइझ न केलेलं, म्हणजे साय वर येऊ देणारं दूध मिळालं की वर पिवळसर सायीचा पापुद्रा धरतो आणि त्याखाली खरवसासारखी थरथरणारी फिल. तुम्ही त्यावर साखर भुरभुरवलीत आणि मग डबा उघडून सुंठ! मला वाटलं ही तुमची साताऱ्याची भर. तर नाही, सुंठ-साखर घातलेली फिलबुंके ही इथलीच जुनी रीत. आमचे सासरे इथे आले होते तेव्हा त्यांना तशी वाटी दिली. परदेशातलं काही खायला ते सहसा राजी नसतात. सुंठेचा वास आला आणि त्यांनी वाटी पुसून संपवली, वर दुसरी मागितली. लेकीला मात्र वरून चुरलेली क्नेकेब्रोद, म्हणजे इथली कुरकुरीत भाकरी, आणि लिंगनबेरीचा जॅमच लागतो.

पण काकू, मनापासून आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीचे. तुम्ही भारतात गेलात तेव्हा घरातलं विरजण माझ्याकडे सोपवून गेलात. सासूबाईंच्या हातचं, तुम्ही इतकी वर्षं जपलेलं. कापड फिलमध्ये भिजवून वाळवलेलंही तुमच्याकडे असतं, फिनलंडहून अमेरिकेला गेलेल्या माणसांनी विलीचं, म्हणजे तिकडच्या तार सुटणाऱ्या दुधाचं, विरजण तसंच नेलं म्हणतात. तरी ओलं विरजण तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि विमानतळावरून एकदाही फोन करून "नीट आहे ना" असं विचारलं नाहीत. परक्या देशात आपल्यावर कुणी इतका विश्वास टाकावा, याचा आधार केवढा असतो ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता तीन घरांत मी ते पोहोचवलंय. लुलेओला एक गेलंय, तिथल्या ताईंनी तार सुटलेल्या चमच्याचा फोटो पाठवलाय, तो तुम्हाला दाखवायचाय. नाशिकला भावाला हवंय, पण तिथे जानेवारीतल्या रात्री सोडल्या तर खोलीत २० अंश मिळायचे नाहीत. त्यावर तुम्हाला काही सुचतंय का, तेवढं कळवा. येत्या रविवारी काकांना घेऊन जेवायला या. फिलबुंके शनिवारीच लावून ठेवते, सुंठ ताजी कुटलेली आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
लेकीची आई