टॉप आधी सोडव

नाशिक,
१२ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

तुझे तीन फोन आणि गणपतीतलं पत्र, सगळ्यांचंच उत्तर राहिलं. तब्येत ठीक, गुडघा जागेवर. वहिनींना नमस्कार. आता ऐक. ती दोन टेबलं इकडे तुझ्या लेकीकडे, पाथर्डी फाट्याला पाठवू नकोस. निदान हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तरी.

ऑगस्टमध्ये मी तुला फोनवर सांगितलं होतं, फ्रेमच्या चारही पट्ट्यांवर फेविकॉल ओढ, टॉप बसव आणि वर आतून तिरके स्क्रू मार. तू म्हणालास, एवढं कशाला? मी म्हणालो, कोकणातल्या माणसाला पक्कं काम म्हणजे काय ते कळत नाही. ते वाक्य परत घेतो. त्याच मापाचं, त्याच पद्धतीने मी इथे जोडलेलं टेबल परवा तडकलं. टॉपच्या टोकापासून आत सात इंच, लाकडाच्या रेघेबरोबर सरळ, रुपयाचं नाणं उभं शिरेल एवढी चीर. फळ्यांचा जोड शाबूत, चीर त्याच्या शेजारी. म्हणजे फेविकॉलने काम चोख केलं, गाढवपणा माझा. वखारवाल्याला आधी दोन शिव्या घालून झाल्या, पण त्याचाही दोष नाही.

झालं काय की लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हलतं रुंदीत. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, तरी आपला टॉप पंधरा इंच रुंद आहे. पावसाळ्यात जोडलेला टॉप इथल्या उन्हाळ्यात वाळला की तीन-चार मिलिमीटर आत येणारच. आखूड पट्ट्या मात्र टॉपच्या रुंदीच्या दिशेने लांब, त्यांची लांबी तेवढीच राहते. टॉपला आकसायचंय, खालून फेविकॉल सोडत नाही. मग लाकूड स्वतःच जागा करून घेतं. तुझं टेबल तर चिपळूणच्या ऑगस्टमध्ये जोडलेलं. तिथे ते अजून गप्प बसलं असेल, पण इथल्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत आलं की बोलेल. लेकीच्या नव्या घरात, तिच्या सासूसमोर.

मास्तरांनी हे आपल्याला सांगितलं होतं, आठवतं? तेव्हा आपण दोघं त्या अर्ध्या इंची पटाशीवरून भांडत होतो. (पटाशी माझी होती. आजही माझीच आहे.)

तर कर असं. आधी तिरके स्क्रू सगळे काढ, एक जरी राहिला तरी पातं त्यावर घासून दात जातील. टेबल गादीवर उलटं ठेव. हेक्सॉचं नुसतं पातं घे, एका टोकाला फडकं गुंडाळ आणि टॉप नि पट्टीच्या सांध्यात कोपऱ्यातून शिरव. पातं टॉपकडे नाही, पट्टीकडे झुकतं ठेव. ओरखडा आला तर तो पट्टीला येऊ दे, ती नंतर रंधता येते. अडलं तर आतल्या बाजूने हेअर ड्रायरने सांधा गरम कर, फेविकॉल मऊ पडतो. इस्त्री वापरू नकोस, पॉलिश पांढरं पडेल. पायांच्या डोक्यांवरही फेविकॉल लावला असशीलच, तू काही कमी करणारा नाहीस, तेव्हा तिथेही पातं फिरव. पाचर मारून उपटायचा मोह आवर. टॉप निघेल, पण पट्टीची सालपटं घेऊन.

टॉप सुटला की पट्ट्यांच्या वरच्या कडा रंध्याने साफ कर. पायाशी आलास की रंधा बाहेरून आत मार. आतून बाहेर मारलास तर पायाचा कोपरा उडतो, माझे दोन उडालेत.

आता टॉप बसवायचा लाकडी गिट्ट्यांवर. टेबलामागे सहा, लांब पट्टीवर दोन-दोन, आखूड पट्टीच्या मध्यावर एक-एक. गिट्टी दीड इंच लांब, एक इंच रुंद, सहा सूत जाड (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तिच्या एका टोकाला जीभ काढ, दोन सूत जाड, तीन सूत लांब. गिट्टीची रेघ जिभेच्या लांबीत धावली पाहिजे. आडवी रेघ आली तर पहिल्याच स्क्रूला जीभ बिस्किटासारखी तुटते. म्हणून गिट्ट्या एकेक कापत बसू नकोस. एक फूटभर पट्टी घे, तिच्या टोकाला जीभ काढून गिट्टी कापून घे, मग नव्या टोकाला पुन्हा तेच.

पट्टीच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेपासून तीन सूत खाली, पटाशीने दोन सूत उंचीची आणि जिभेपेक्षा थोडी जास्त खोल खाच पाड. जीभ त्यात जाते आणि स्क्रू गिट्टीतून टॉपला लागतो. जिभेच्या वर गिट्टीला जी पायरी पडते, ती तीन सूताला पोस्टकार्डाच्या जाडीइतकी कमी ठेव. मग स्क्रू आवळला की जीभ पट्टीला टॉपकडे ओढून धरते. पायरी पूर्ण तीन सूत ठेवलीस तर सगळं नुसतं खडखडेल.

हलायला वाव कुठे ठेवायचा, हे नीट वाच. लांब पट्टीवर जीभ आत-बाहेर सरकेल, म्हणून तिथे गिट्टीची पायरी आणि पट्टी यांच्यात एक सूत फट सोड. आखूड पट्टीवरची मधली गिट्टी मात्र खाचेत दोन्ही बाजूंना घट्ट बसव. म्हणजे टॉप मध्याला धरलेला राहतो आणि दोन्हीकडे सारखा हलतो. फेविकॉल कुठेच नाही. हात शिवशिवले तरी नाही.

आणि टॉपच्या खालच्या बाजूलाही पॉलिश मार, वर जेवढे हात तेवढेच. मी खाली एकच हात मारला होता. ओलावा मग एका अंगाने जास्त ये-जा करतो आणि टॉप पत्रावळीसारखा वाकतो. माझ्या चिरेचं म्हणशील तर सध्या काहीच करणार नाही. पुट्टी भरली तर पावसाळ्यात लाकूड फुगेल आणि त्या पुट्टीवरच रेटा येईल. टॉप सोडवून, आधी फेविकॉल न लावता शिकंज्यात आवळून बघतो. मिटली तर फेविकॉल, नाही मिटली तर त्या रेघेत चिरून पुन्हा जोड.

डगमगण्याचं विचारलं होतंस. जो पाय उचललेला दिसतो त्याच्या समोरचा कापायचा, मग पुन्हा दुसरा, असं करत गेलास तर टेबलाचा चौरंग होईल. ओट्याच्या कडाप्प्यावर उभं कर, उचललेल्या पायाखाली कागदाच्या घड्या सारून टॉप चारही कोपऱ्यांशी सारख्या उंचीवर आण. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांना सारखी रेघ मार आणि तिथेच काप. कापल्यावर पायाची खालची कड किंचित मोड, नाहीतर ओढताना फरशीवर सालपटं उडतील. वहिनींचा ओटा आहे, विचारून घे.

लेक इथे आली की जेवायला आमच्याकडेच, ते सांगायला नको. सिंहस्थात तुझे अर्धे पाहुणे तिच्याकडे उतरणार, तेव्हा टेबलं दोन नाही, चार करावी लागतील, तोंडं वाकडी करू नकोस. धाकट्याच्या नोकरीचं काय झालं? अण्णांचा डोळा? कळव.

आणि गिट्टीला स्क्रू सव्वा इंची. दीड इंची नाही. त्याचं टोक वर आलं तर मला फोन करू नकोस.

तुझा,
पटाशीवाला